नाक मामाचं, मंग काळीज कुणाचं?

आमची माय वच्छलाबाई कोणतीबी चीज सरळ घेत न्हाई. मेंढा घ्यायचा असला तं ती मेंढ्याकडं बघतच न्हाई. विकणाऱ्याला इचारती, "याची कोकरं कुठं दिलीत?" मंग उठती, त्या गावाला जाती, कोकरं बघती, त्यांना पळवती, तोंड उघडून दात बघती, ज्यानं घेतली त्याच्या बायकोला गाठून इचारती, "खोड्या काय हायेत, खरं सांग." आन् पुढच्या बाजारी येऊन मेंढेवाल्याला सांगती, "नको मला." घनसावंगीच्या बाजारात ती दिसली की लोक निवांत तंबाखू मळायला बसतेत. सौदा काय जल्दी व्हत न्हाई, हे सगळ्याला ठावं हाय.

माझं लग्नबी तिनं असंच जमवलं. मी शालू, तिची धाकटी. बदनापूरचं स्थळ आलं तवा तिनं नवऱ्या पोराकडं, म्हणजे आमच्या कल्याणकडं, ढुंकूनबी बघितलं न्हाई. त्याच्या थोरल्या भावजयीला पुढं बोलावलं. तिच्या टाचा बघितल्या, दंड चाचपला, मंग कायतरी वंगाळ बोलून तिला हसवलं. ती खदाखदा हसली तशी माय म्हणली, "या घरात सुना मोकळ्या हसतेत, दिली पोरगी." कल्याण आजबी म्हणतो, मला कुणी पाहिलंच न्हाई, मी वहिनीच्या मार्कावर पास झालो.

तं अशी ही माय एका सालात दोनदा पडली. पहिल्यांदा मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली म्हणून हाकायला पळाली आन् मधातच आडवी झाली. दुसऱ्यांदा माझ्या भावजयीच्या, अंजूच्या, माहेरी हळदीला गेल्ती, तिथं माळवदाचा जिना चढता चढता कोसळली. गावात डॉक्टरांची काय कमी? एक म्हणला पित्त, एक म्हणली नजर, एक म्हणली उपास. आमचे आबा, मल्हारी त्यांचं नाव, दिवसभर मेंढरामागं आन् सांजच्याला दोन घोट घेऊन गप बसणारा माणूस, ते म्हणले, "तिला राग लई. रागानं पडती." मला असा संताप आला की काय सांगू! मी तिला उचललं आन् जालन्याला नेलं.

तिथल्या सुमेधा डॉक्टरीणबाईनं छातीवर गार चिकट कायतरी लावून मशीन फिरवलं, लई येळ बघितलं, आन् मंग कागदावर काळीज काढून दाखवलं. म्हणली, "मावशी, काळजाच्या आत एक भिंत असते. तुमची भिंत जाड झालीये. रक्त बाहेर जायची वाट तिनं अडवलीये. पळालात, चढलात, की रक्त पुढं जात नाही, म्हणून डोळ्यांपुढं अंधारी येते."

माय म्हणली, "म्हणजे दारातच गोणी ठेवली."

"अगदी बरोबर. आणि हे जन्मापासून रक्तात आलेलं आहे. तुमच्या घरात कुणी असं अचानक गेलंय का?"

मायनं कागदावरलं काळीज जवळ ओढलं. मंग म्हणली, "माझा भाऊ." सुग्रीवमामा ऐन तरणा असताना जत्रेत पैजेवर दगडी गोटी उचलायला गेल्ता. उचलली, खांद्यावर घेतली, खाली ठेवली, लोकांकडं बघून हसला आन् पडला तो उठलाच न्हाई. लोक म्हणले देवाची गोटी उचलली, देव कोपला. तवापासून त्या गोटीला शेंदूर जास्ती लावतेत, आन् मामाच्या काळजाचा इचार कुणीच केला न्हाई.

डॉक्टरीणबाई म्हणली, "तुमच्या दोन्ही लेकरांची तपासणी झाली पाहिजे. आईकडून लेकराकडं जायची शक्यता अर्धी-अर्धी असते. लेकरू पडायची वाट बघायची नाही."

हे ऐकलं आन् मला आधी जीपच आठवली. कारण माझा भाऊ रामेश्वर घनसावंगी ते जालना काळी-पिवळी जीप चालवतो. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळती माणसं. मायवानी त्याला स्टेअरिंगवर अंधारी आली तं? मी घरी येऊन त्याला सांगितलं, उद्याच्या उद्या चल. तं तो पठ्ठ्या जीप धुवून राह्यलता. पाण्याचा पाइप हातात धरून माझ्याकडं बघून हसला.

"येडी का खुळी तू? हा मायच्या माहेरचा आजार. आपलं कूळ आबाचं."

"डॉक्टरीण म्हणली, आईकडूनबी येतो."

"डॉक्टरणीनं मेंढरं राखली का कधी? कळप कुणावर जातो? मेंढ्यावर! मेंढा बदलला की पुढल्या साली सगळी कोकरं बदलतेत. मेंढी काय, नुसती पोटात वागवती. सुग्रीवमामाचं काळीज सुग्रीवमामासंगं गेलं. माझं काळीज मल्हारीचं हाय, आन् मल्हारीला काय झालंय? दोन घोट घेतल्याबिगर त्याला काय व्हतच न्हाई."

आता तुम्ही हसान. पण आमच्या गावात हे बोलणं कुणाला खोटं वाटत न्हाई. आमच्यात बापजाद्यापासून मेंढरं राखलेली. सगळे चांगला मेंढा हुडकण्यातच जलम घालवतेत, मेंढीचं खानदान कोण इचारतं? पारावर बसलेल्या बाप्यांनी माना डोलवल्या. म्हणले, रामेश्वराचं बराबर हाय. मी एकटी खुळी ठरले.

खरं कारण मला ठावं व्हतं. तपासलं आन् निघालं तं जीप सोडावी लागंल, याचं त्याला भेव वाटत व्हतं. जीपवर त्याचा लई जीव. पुढच्या काचेवर अंजूचं नाव बारीक आन् जीपचं लाडाचं नाव मोठं लिहिलेलं हाय, आता बोला!

मायनं त्याला काय रागं भरलं न्हाई. फक्त मला म्हणली, "शाले, डॉक्टरणीला सांग, माझी दोन्ही लेकरं तपासल्याबिगर मी माझ्या अंगाला सुई लावून घेणार न्हाई."

"आन् तवर पडलीस तं?"

"पडले तं उचला. तवर मी माल बघून येते."

माल म्हणजे इलाज. डॉक्टरीणबाईनं तिला समजावून सांगितलं व्हतं की यावर रस्ते दोन-तीन हायेत. एक गोळ्या, जलमभर. एक बारीक तार घालून आतल्या आत भिंत वाळवायची. आन् एक छाती उघडून भिंतीचा जाड भाग कापून काढायचा. मायनं सगळं ऐकून घेतलं आन् इचारलं, "ज्यांनी केलंय ते लोक कुठं हायेत?" डॉक्टरीणबाई आधी हसली, मंग तिला कळलं की म्हातारी हसण्यावारी इचारत न्हाई. तिनं आपल्या जुन्या पेशंटांना फोन करून इचारलं, ज्यांनी हो म्हणलं त्यांचे नंबर आम्हाला दिले. आन् आमची वरात निघाली.

पहिलं स्थळ आमच्याच बदनापूरचं. साहेबराव गुरुजी, रिटायर मास्तर, कैक सालापासून गोळ्यांवर. त्यांच्यात हाच आजार, पण वाट मायच्याएवढी अडलेली न्हाई. गुरुजी खुर्चीत बसून सावकाश बोलले. दम कमी लागतो, छातीत धडधड न्हाई, फक्त गोळी चुकवायची न्हाई आन् मनानं बंद करायची न्हाई. माय म्हणली, "उठा, जरा चाला." गुरुजी बिचारे अंगणात दोन चकरा मारून आले. मंग मायनं स्वैपाकघरात जाऊन त्यांच्या बायकोला धरलं. "खोड्या काय हायेत, खरं सांगा."

बाई म्हणल्या, "थोडे थंड पडले. झोप येती. पण खरं सांगू का, आधी वरणात मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचे. गोळ्या चालू झाल्यापासून घरात बिलकुल शांतता हाय. बंद झाल्या तं मी आधी आजारी पडन."

बाहेर आल्यावर माय मला म्हणली, "जनावर गरीब हाय. खुट्याला बांधायला बरं."

दुसरा भेटला भुजंग, जालन्याच्या धान्याच्या मोंढ्याजवळ चहाची टपरी चालवणारा, तोंडानं लई वाचाळ. त्याला तार घातलेली. त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मांडीतून तार घातली, थेट काळजात! तिथं जाड भिंतीला रक्त नेणारी बारीक नळी असती, तिच्यात अल्कोहोल सोडलं. तेवढा तुकडा वाळून गेला. टाका न्हाई, छाती फाडणं न्हाई. थोड्या दिवसात घरी."

त्याची बायको भजे तळून राह्यलती, ती तिथूनच वराडली, "जलमभर मी यांना थेंब पिऊ दिला न्हाई, आन् डॉक्टरनंच पाजली! ती बी भरल्या दवाखान्यात!"

मायनं त्याच्या खांद्याखाली बोट लावलं. तिथं चामडीखाली डबीवानी कायतरी लागलं. "हे काय लपवलंय?"

भुजंगाचा आवाज जरा उतरला. "ती मशीन हाय. भिंत वाळली, पण ठोक्याची तारबी बिघडली. मंग ठोका चुकू नये म्हणून ही बसवली. सगळ्याला लागत न्हाई. मला लागली."

घरी येऊन हे आबाला सांगितलं. आबा लई येळ इचार करत बसले, मंग म्हणले, "बाटली फोडल्यावर काळजात घालून जी उरती, ती कुणाला देतेत?" मायनं चुलीतली लाकडं पुढं सारली आन् असं बघितलं की आबा उठून मेंढराकडं गेले.

तिसरी वाटूरची साळूबाई. हिची छाती उघडलेली. मायच्याच वयाची, कापूस येचणारी बाई. आम्ही गेलो तवा ती डोक्यावर सरकीचं पोतं घेऊन येऊन राह्यलती. मायनं दारातच तिला थांबवलं, ओळख ना पाळख. "तूच का ती फाडलेली?"

"मीच," साळूबाई म्हणली, आन् पोतं टाकून, दार लोटून, चोळीचं बटण काढून गळ्यापासून खालपर्यंतची शिवण दाखवली. दोघी अशा बघत बसल्या की जसा काय नवा दागिना बघून राह्यल्या. साळूबाईनं काय लपवलं न्हाई. म्हणली, "पहिले दिवस लई वाईट. खोकला आला की वाटायचं आता उसवती. उशी छातीला कवटाळून खोकायची. कूस बदलायची म्हणलं की मेलेली माय आठवायची. रडले बी लई. पण बाई, वाट मोकळी झाली. आता अंधारी न्हाई."

"दाखव."

"काय दाखवू?"

"चढून दाखव." गावाच्या कडंला टेकडीवर देवीचं देऊळ व्हतं. साळूबाईनं पदर खोचला आन् निघाली तरातरा. मायनंबी पदर खोचला. मी मागून वराडले, तू नको, तू नको! पण ऐकती ती माय कसली. थोड्या पायऱ्यातच तिची छाती भात्यावानी व्हायला लागली. ती दगड धरून खाली बसली, तोंड पांढरं पडलेलं. वरून साळूबाई उलटी पळत आली, तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात धरला.  माय नुसती साळूबाईच्या छातीकडं बघून राह्यलती, जी काय झालंच न्हाई अशी सावकाश खालीवर व्हत व्हती.

मला वाटलं, झालं, पसंत पडली. पण जीपनं परत येताना माय म्हणली, "माल एक नंबर हाय. पण हे हिमतीचं काम. माझं आता काय राह्यलंय? आपुन गोळ्या घेऊ."

डॉक्टरीणबाईला हे काय पटलं न्हाई. म्हणली, "मावशी, गुरुजींचं वेगळं, तुमचं वेगळं. तुम्ही दोनदा पडलात. गोळ्यांनी तुमची वाट मोकळी व्हायची नाही. तार घालायची म्हटली तर तुमची ती नळी नीट जागेवर नाही. उघडून करणं हेच तुमच्यासाठी बरं, आणि ते अशी बरीच ऑपरेशनं केलेल्या माणसाकडूनच, पुण्याला. सरकारी योजनेत बसवू आपण." माय म्हणली, "बघू. आधी माझं पोरगं आणते तुमच्याकडं."

आणलं कसं, ते ऐका.

सकाळच्या टायमाला घनसावंगीच्या स्टँडवर रामेश्वरची जीप भरत आल्ती. मी आदल्या दिवशी माहेरी आल्ते. माय मला घेऊन स्टँडवर गेली, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसली, आन् रामेश्वर चावी फिरवणार तेवढ्यात मागं वळून सगळ्याला म्हणली, "राम राम मंडळी. मी या ड्रायव्हरची माय. तुम्ही माझ्या लेकराच्या भरोशावर बसलात, म्हणून सांगते. याचा मामा चांगला हसता हसता पडला आन् गेला. मी दोनदा पडले. डॉक्टर म्हणती पोरगं तपासा. ह्यो तपासत न्हाई. आता ज्याची हिम्मत हाय त्यानं बसा, बाकीच्यांनी एसटी बघा."

"माय!" रामेश्वर असा वराडला की टपावरला माणूस वाकून खाली बघायला लागला.

मागच्या बाकावर एका बाईनं आपली पिशवी उचलली. तिच्यामागं दोन कालेजची पोरं उतरली. मंग एक म्हातारा मेंढका, आमच्याच जातीचा, उतरता उतरता थांबला. म्हणला, "बाई, पण मामाचं भाच्याला कसं येईल? कळप मेंढ्यावर जातो."

"हां! इचारा!" रामेश्वरला जोर आला. "हेच सांगून राह्यलो मी! आजार माहेरचा, कूळ आबाचं!"

मायनं काय केलं, त्याचं नाक चिमटीत धरलं. भर स्टँडवर, मिशावाल्या लेकराचं नाक! "हे नाक कुणाचं?" तिनं त्या मेंढक्याला इचारलं. "तुम्ही सुग्रीवला पाहिलं व्हतं का?"

म्हातारा डोळे बारीक करून म्हणला, "पाहिलं व्हतं. नाक त्याचंच."

"ह्यो जलमला तवापासून सगळं गाव काय म्हणतं? पोरगं मामावर गेलं. चालणं मामाचं. राग मामाचा. झोपंत दात खातो ते मामाचं. ताटात भाकर उरवतो तेबी मामाचं. आन् काळीज तेवढं बापाचं का रे? निवडून घेतलं व्हतं का माझ्या पोटात बसून?"

स्टँडवर असा हशा पिकला! म्हातारा मेंढकाबी हसला आन् हसत हसत खाली उतरला. टपावरले उतरले. जीप रिकामी झाली. रामेश्वर स्टेअरिंग धरून बसला, कान लाल. मला वाटलं आता ह्यो मायला उतरवून देतो. पण त्यानं नाक पुसलं आन् हळूच म्हणला, "माय, निघालं तं जीप जाईल गं."

"जीप गेली तं मेंढरं देते," माय म्हणली. "तू गेल्यावर काय देऊ मी? कुणाला देऊ?"

त्यानं चावी फिरवली. जालन्यापर्यंत त्यानं एक पॅसेंजर घेतलं न्हाई. रस्त्यात हात करणारे शिव्या देत राह्यले.

दवाखान्यात आधी रामेश्वरला घेतलं. ते गार चिकट छातीला लावलं तवा आतून "अगं माय गं!" असा आवाज आला आन् बाहेर बसलेली माय हसली. मंग तो बाहेर आला तो मिशीला पीळ देतच. डॉक्टरीणबाई म्हणली, भिंत चांगली हाय, ठोक्याची पट्टीबी चांगली, जीप चालवायला हरकत न्हाई, फक्त काही सालानं परत दाखवत राहायचं. रामेश्वरनं मायचे पाय धरले आन् उठून लगेच म्हणला, "मी म्हणलो न्हवतो? मेंढ्याचंच खरं!"

"शालू, तू ये," डॉक्टरीणबाई म्हणली.

मी गेले. खरं सांगते, मी हसत गेले. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं व्हतं. रामेश्वर वाचला, आता माझं काय, नुसतं नावाला. डॉक्टरीणबाई मशीन फिरवत व्हती, आधी बोलत व्हती, मी बदनापूरला शिवणकाम करते, तं ब्लाऊज कितीला शिवतेस, वगैरे. मंग तिचं बोलणं थांबलं. तिनं परत बघितलं. आन् परत.

माझी भिंत जाड निघाली.

मायएवढी न्हाई, वाट अडलेली न्हाई. आत्ता गोळी आन् नेमानं तपासणी, पाणी पीत राहायचं, ओझी उचलून पळायचं न्हाई. माझी एक पोरगी हाय, तिलाबी पुढं दाखवायचं. पण पुढं भिंत वाढली तं मायसारखा इलाज लागू शकतो, असं तिनं साफ सांगितलं, लपवलं न्हाई. मला आधी रडू आलं आन् मंग त्याच्यापेक्षा जास्ती राग आला. एवढे दिवस सगळे रामेश्वरच्या काळजामागं लागले, मेंढा का मेंढी, मामा का आबा. मीबी. माझ्याकडं कुणी बघितलंच न्हाई, मीबी बघितलं न्हाई. लेक सासरी गेली म्हणजे तिचं काळीजबी सासरच्यांनी दिलं असं वाटलं का काय सगळ्याला?

रामेश्वरनं मिशीवरचा हात काढला. डॉक्टरणीला म्हणला, "म्याडम, अदलाबदल झाली असंल. माझा कागद हिला गेला. परत लावा मला मशीन." ती न्हाई म्हणली तं तो भांडायला उठला. "अहो, हिला सोडा, मला धरा! मामावर मी गेलोय, सगळ्या गावाला इचारा!" आन् मंग तिथंच भिंतीला टेकून असा हंबरडा फोडला की नर्स पाणी घेऊन पळत आली.

माय रडली न्हाई. ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझा दंड धरला आन् डॉक्टरणीला म्हणली, "पुण्याचं माझं नाव लिहा. उघडून करायचं."

"मावशी, तुम्ही तर गोळ्या म्हणत होतात."

"ते माझ्यापुरतं व्हतं."

"मग आता?"

"आता हिला उद्या कुणी म्हणलं छाती उघडायची, तं ही कुणाला बघायला जाईल? वाटूरला, परक्या बाईला? हिला घरातली फाडून शिवलेली माय दिसाया पाहिजे. जेवताना, हसताना, मेंढरामागं पळताना. खुट्याला बांधलेली माय बघून हिला काय हिम्मत यावी?"

मी म्हणलं, "माय, माझ्यासाठी करू नको गं."

"मंग काय मेंढरासाठी करू?" ती खवळून म्हणली, आन् दंड काय सोडला न्हाई.

पुण्याला आम्ही रामेश्वरच्याच जीपनं गेलो. आबाबी आल्ते, सगळ्या रस्त्यानं त्यांनी मायचं गठुडं मांडीवरून खाली ठेवलं न्हाई. त्या दवाखान्यात मायनं सर्जनलाबी सोडलं न्हाई. "तुमच्या हातची माणसं कुठं हायेत?" म्हणली. त्यानं वार्डात नेऊन एक टाके पडलेला बाप्या दाखवला. मायनं त्याला चालवलं, खोकायला लावलं, आन् मंग सही म्हणून अंगठा दिला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर झोपवलं. लुगड्याबिगर मी तिला पहिल्यांदाच बघितलं, लई बारकी दिसत व्हती. आबा एका कोपऱ्यात उभे, रामेश्वर दुसऱ्या. दारापाशी गाडी थांबली तशी तिनं मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"शाले," ती कानात म्हणली, "मला लई भेव वाटून राह्यलं."

तिचे ओठ थरथरत व्हते. मी तिचा हात धरला. तिनं तो ओढून घेतला.

"हे बघू नको. तोंड तिकडं कर. बघायचं ते बाहेर आल्यावर बघ."

मी भिंतीकडं तोंड केलं. चाकं करकरत आत गेली, दार बंद झालं, तरी मी वळले न्हाई.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एकेकाला आत सोडलं. नळ्या, तारा, पट्ट्या, आन् मधात आमची माय. घशातली नळी काढलेली व्हती, ओठ कोरडे पडल्ते. मी चप्पल काढून जवळ गेले. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, एक हात उशीवर ठेवून अंग जरासं वर उचललं. दुखलं असंल, लई दुखलं असंल. पण तोंड सरळ ठेवलं.

"आता बघ," म्हणली.